म्हैसमाळच्या शेळीविषयी खुलासा

आमच्या दोन दिवसांच्या वृक्षओळख सहलीचा जो वृत्तान्त कॉलनीच्या सूचनाफलकावर लावण्यात आला आहे, तो मी चष्मा पुसून दोनदा वाचला. त्यात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत. त्या मी पेन्सिलीने दुरुस्त केल्या आहेत. वस्तुस्थितीची चूक एकच आहे, परंतु ती पेन्सिलीने दुरुस्त होण्यासारखी नाही. 'म्हैसमाळ येथे एका शेळीने पवार सरांचा अनेक वर्षांचा भ्रम दूर केला,' असे त्यात म्हटले आहे. हे असत्य आहे. त्या शेळीने माझी डहाळी खाल्ली, एवढेच सत्य. जे आमच्याबरोबर आले नव्हते आणि फलक वाचून आता मला दूध आणायला जाताना थांबवून 'काय सर, शेळी काय म्हणते?' असे विचारतात, त्यांच्यासाठी हा प्रवास जसा घडला तसा लिहीत आहे.

निघण्यापूर्वी

मी या शहरात तीस वर्षे संस्कृत शिकवले. आमच्या शेतकरी घराण्यात ही भाषा शिकणारा मी पहिला, आणि मुलगे परदेशी संगणकांपुढे बसल्यामुळे बहुधा शेवटचाही. सिडकोत घर बांधले त्याच्या दुसऱ्याच वर्षी अंगणातल्या नळाजवळ एक रोप आपोआप उगवले. पाने समोरासमोर, तोडले की दूध, पुढे पांढऱ्या फुलांचे घोस. ग्रंथांतील वर्णनाशी ताडून पाहिले आणि निर्णय दिला: कुटज, म्हणजे आपला पांढरा कुडा.

जुन्या काव्यांत कुटज पावसाच्या आरंभी फुलतो. आमचे झाड एप्रिलमध्येच फुलत असे आणि जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत फुले संपत. याचे कारण मी नळाच्या पाण्यात शोधले. ज्याच्या मुळाशी पाणी आहे त्याने ढगांची वाट कशासाठी पाहावी? म्हणून दर एप्रिलमध्ये मी एक फुलोऱ्याची डहाळी जाड वहीत दाबून ठेवी आणि जूनमध्ये नववीच्या वर्गात फिरवी. अशा बावीस तुकड्यांना मी कुटज दाखवला. बावीस वर्षांत एका मुलीने शंका काढली होती. ती मी तेथल्या तेथे मिटवली.

आता आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेचा विषय. बँकेतून निवृत्त झालेल्या उषाताई जाधव यांनी तेथे देशी झाडांची बाग करण्यासाठी मंडळ स्थापन केले. मंडळाचे एकवीस सभासद आहेत आणि आजवर एकवीस सभा झाल्या आहेत. त्यांतील तीन सभा मंडळाच्या टोप्यांचा रंग ठरवण्यात गेल्या. बागेत आज परदेशी गवताची हिरवळ आहे आणि तिच्या मध्यभागी 'देशी वृक्ष लावा' असा लोखंडी फलक आहे. मी माझ्या झाडाच्या बियांपासून अकरा रोपे केली आणि मंडळाला दिली. 'पांढरा कुडा (कुटज)' अशी पाटीही रंगवून घेतली. रोपे रविवारी लावायची ठरली.

त्याच्या आधीच्या सोमवारी देशपांडे साहेब माझ्या फाटकाशी उभे राहिले. हे वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर त्यांनी फोनमध्ये झाडे ओळखणारे ॲप घेतले आणि तेव्हापासून त्यांना झाडे दिसू लागली.

"सर, हा काळा कुडा आहे," ते म्हणाले. "शेंगांच्या जोड्या बघा. टोकं जुळलेली आहेत. पांढऱ्याची टोकं सुटी असतात."

"हे कोठे लिहिले आहे?"

"फोनमध्ये."

"फोन कोणाकडे शिकला?"

ते हसले. मी हसलो नाही. मी त्यांना समजावले की या झाडाला नळाचे पाणी मिळते, त्यामुळे शेंगा अधिक रसरशीत होऊन टोकाशी चिकटतात.

"सर, या गावात माणसांना चार-पाच दिवसांआड पाणी येतं. तुमच्या झाडाला रोज?"

"नळ गळका आहे."

"मग तो दुरुस्त करा आधी."

मी त्यांना हेही सांगितले की या झाडाची साल मी कॉलनीत अनेकांना पोट बिघडल्यावर दिली आहे आणि प्रत्येकाला गुण आला आहे. त्यावर ते म्हणाले, "पोट ताकानंही थांबतं, सर." हे वाक्य त्यांनी आपल्या वृत्तान्तात घेतलेले नाही. मी येथे घेतो, कारण मी दुसऱ्याचे चांगले वाक्यही लपवीत नाही.

उषाताईंनी मध्यस्थी केली. म्हैसमाळच्या उतारांवर दोन्ही कुडे आहेत असे त्यांनी ऐकले होते. शुक्रवारी तेथे जावे, रानातला निर्विवाद पांढरा कुडा पाहावा, माझी डहाळी त्याच्याशी ताडावी, शनिवारी त्यांच्या माहेरी देवगाव रंगारीला जेवून परतावे, आणि रविवारी योग्य ती पाटी लावावी, असे ठरले. त्यांच्यापुढे प्रश्न एका पाटीचा होता. माझ्यापुढे बावीस तुकड्यांचा होता.

खुलताबाद

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघे रशीदभाईंच्या गाडीतून निघालो. बाकीच्या अठरा सभासदांनी ग्रुपवर अंगठे पाठवले. मी माझ्या झाडाची शेंगांसह डहाळी ओल्या पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती. पंचा पांढराशुभ्र, धुतलेला. हे पुढे महत्त्वाचे आहे.

दौलताबादच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने सीताफळांच्या टोपल्या लागल्या. उषाताईंनी गाडी थांबवायला सांगितली आणि देशपांडे साहेबांनी हात वर केला. "ही सहल देशी झाडांची आहे. आपण दोन दिवस फक्त देशी फळं-धान्यं खाऊ या. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"सीताफळ देशी नाही?" उषाताई.

साहेबांनी फोन पाहिला. "नाही. बाहेरून आलंय."

"पेरू?"

"तोही."

खुलताबादेत वेशीच्या आत एका हॉटेलात बसलो. भज्यांचा वास रस्त्यापर्यंत येत होता. साहेबांनी मिरची तपासली: परकी. बटाटा: परका. शेंगदाण्याची चटणी: शेंगदाणा परका. टोमॅटोचे तर विचारूच नये. पोहे चालले असते, परंतु त्यांत मिरची आणि शेंगदाणे दोन्ही होते. उषाताईंनी दुपारच्या भाकरीचा विषय काढला, तेव्हा साहेबांनी खालच्या आवाजात सांगितले की ज्वारी आणि बाजरीही फार पूर्वी समुद्रापलीकडून आल्या आहेत.

शेजारच्या बाकावर रशीदभाईंची दुसरी प्लेट चालू होती. ते म्हणाले, "साब, फिर हम लोगां खाना क्या? ये शहर में तो मैं भी बाहर का हूं. मेरे दादा बीदर से आए थे."

उषाताईंनी भज्यांची प्लेट ओढली. साहेबांनी पाच मिनिटे तत्त्व पाळले आणि मग तळलेल्या मिरच्यांसह दोन प्लेट खाल्ल्या. वृत्तान्तात 'खुलताबाद येथे अल्पोपाहार केला' एवढेच आहे.

त्याच हॉटेलात गल्ल्याजवळ कुंडीत एक डौलदार झाड होते. साहेबांनी फोन धरला. फोनने थोडा विचार करून सांगितले की हा शोभेचा ताड असून एक्याण्णव टक्के खात्री आहे. मालक पुसणी घेऊन आला आणि त्याने त्या ताडाची पाने दोन्ही बाजूंनी पुसली.

"प्लॅस्टिकचाय, साहेब," तो म्हणाला. "पाणी नका घालू."

मी फक्त पंचा सोडून माझ्या डहाळीवर पाणी शिंपडले.

म्हैसमाळ

खुलताबादहून घाट चढत गेलो. पाऊस संपून महिना झाला होता. पठारावरचे गवत वरून पिवळे आणि मुळाशी अजून हिरवे होते, आणि वाऱ्याबरोबर ते सबंध एका बाजूला कलत होते. शहरात आपण झाडाला पाटी लावतो, कारण झाड आपल्याला काही सांगत नाही. येथे पाट्या नव्हत्या. तासभर आम्ही तिघे तीन मतांनी उताराच्या कडेने फिरलो. फोनने एका धावड्याला डाळिंब म्हटले आणि माझ्या डहाळीला आधी कॉफी आणि नंतर मोगरा म्हटले. साहेब म्हणाले, "रेंज नाही." मी म्हणालो, "रेंज आहे. ज्ञान नाही."

तेथे तीस-चाळीस शेळ्या घेऊन एक बाई आली. वय साठीच्या आसपास, डोक्यावर पदर, खांद्यावर आकडीची लांब काठी. जवळच्या धनगरवाडीची. उषाताईंनी विचारले, "मावशी, इथं पांढरा कुडा कुठं आहे?"

"हाय की. खालच्या आंगाला." तिने आमच्या टोप्यांकडे पाहिले. "तुमी काय, वनखात्याचे का?"

"नाही. आम्ही कॉलनीचे."

"असं व्हय." यापुढे तिने काही विचारले नाही.

तिने आम्हाला उतारावर नेले. पांढरा कुडा होता. पाने माझ्या झाडाच्या पानांपेक्षा रुंद. शेंगा लांब, बारीक, जोडीने लोंबणाऱ्या, आणि प्रत्येक शेंगेचे टोक आपापले, सुटे. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी पंचा सोडला. माझ्या शेंगांची टोके चिमट्यासारखी जुळलेली होती.

"नळाचे पाणी," मी म्हणालो.

"हे काय हो?" बाईने माझ्या डहाळीला हात लावला. "ह्यो तर दुसरा हाय. ह्यो शेरडं खात्यात. त्यो न्हाय खात."

"अहो, पण ह्याचं नाव काय?" साहेबांनी विचारले.

"दोन्हीला बी कुडाच म्हणत्यात. एक खायाचा, एक न्हाय खायाचा. बकरीपुढं धरा की, दावती ती."

कोणी काही ठरवण्याआधीच एक तांबडी शेळी पुढे आली होती. तिने माझ्या हातातली डहाळी टोकाकडून धरली. मी सोडली नाही. तीही सोडीना. बाई म्हणाली, "बाबा, सोडा, बोट जाईल." मी सोडली. तिने पाने खाल्ली, कोवळे देठ खाल्ले, शेंगा खाल्ल्या. मग साहेबांनी रानातल्या पांढऱ्या कुड्याची डहाळी तिच्यापुढे धरली. तिने हुंगली, मान फिरवली, आणि साहेबांच्या खिशातून डोकावणारी मंडळाची छापील वृक्षयादी ओढून तिची दोन पाने खाल्ली.

"संपलं, सर," साहेब म्हणाले.

आता माझ्या हरकती, ज्या मी तेथेच नोंदवल्या आणि ज्या वृत्तान्तात घेतलेल्या नाहीत. एक: शेळी माझी डहाळी खाऊन तृप्त झाली होती, तेव्हा दुसरी तिने नाकारली यात नवल नाही. दोन: माझी डहाळी बागेतली, पाणी मिळालेली, म्हणून कोवळी. तीन: जी शेळी छापील कागद खाते, तिच्या रुचीवर शास्त्रीय निर्णय बांधता येत नाही. चार: मूळ पुरावा आता शेळीच्या पोटात असून तपासणीस उपलब्ध नाही.

रशीदभाई दगडावर बसून ऐकत होते. "सर का पॉइंट बराबर है," ते म्हणाले. "बकरी को तो मेरा बिल बुक भी पसंद है."

ती बाई सारखी हसत होती. "मास्तर हायत जनू," ती उषाताईंना म्हणाली.

मी हरकती मोठ्या आवाजात मांडल्या खऱ्या, परंतु त्या मांडताना मला जे आठवत होते ते त्या दिवशी मी कोणाला सांगितले नाही. बावीस वर्षांतील ती एक शंका. मुलीचे नाव मंगल होते. आडनाव आठवत नाही. कन्नडकडच्या वाडीची होती, वसतिगृहात राहत असे. नववीच्या सहामाहीत मी पाच गुणांचा प्रश्न घातला होता: कुटज वृक्षाचे वर्णन करा. तिने लिहिले की सर आणतात ते झाड उन्हाळ्यात फुलते, त्याच्या शेंगांची टोके जुळलेली असतात आणि शेळ्या त्याचा पाला आवडीने खातात. मी तांबड्या शाईने शून्य दिले. पेपर घेऊन ती टेबलाशी आली.

"सर, आम्ही रोज बघतो ते झाड. आमची शेरडं खातात."

"प्रश्न झाडाचा नाही, कुटजाचा आहे," मी म्हणालो. "पुस्तकात पाहा."

तिने पुस्तक पाहिले असेल किंवा नसेल. पेपर दुमडून ती जागेवर गेली. वर्ग हसला, आणि मी वर्गाला थांबवले नाही.

देवगाव रंगारी

त्या संध्याकाळी आम्ही घाट उतरून देवगावला उषाताईंच्या माहेरी मुक्कामाला आलो. गावाच्या नावात रंगारी आहेत. शिवारात आता कापूस आणि मका आहे. घरी उषाताईंच्या चुलत्या गंगूकाकू होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. शनिवारी सकाळचे जेवण त्यांनी केले: बाजरीच्या भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, अंबाडीची भाजी आणि तिच्यावर लसणाचे तेल. आमच्या शहरात पाहुण्याला 'आणखी घ्या' असे म्हणतात. येथे न विचारता वाढतात आणि उरले तर विचारतात. साहेबांनी कोणत्याही पदार्थाचे मूळ गाव तपासले नाही.

जेवणानंतर ते दोघे ओसरीवर आडवे झाले. मी परसदारी पंचा धुवायला गेलो. काल दिवसभर डहाळी त्यात ओली राहिली होती, आणि शेळीने ओढताना काही पाने आतच चुरगळून उरली होती. ती रात्रभर तशीच बांधलेली होती. घडी उलगडली तर मध्यभागी तळहाताएवढा गडद निळा डाग. साबण लावला. डाग होता तसाच राहिला.

गंगूकाकू भांडी घासत होत्या. "मास्तर, पंच्याला काय झालं? नीळ सांडली व्हय?"

"नाही. झाडाचा पाला बांधला होता."

"कंचा पाला?"

"कुड्याचा. पांढऱ्या कुड्याचा."

त्यांनी हातातले पातेले खाली ठेवले, येऊन पंचा उचलला आणि उजेडाकडे धरला. "पांढऱ्याचा असा डाग नाय पडत. ह्यो काळ्याचा हाय. मी नवी नवरी व्हते तवा शेरडांला पाला आनला, नव्या लुगड्याच्या वट्यात बांधून. लुगडं निळं झालं. सासू लई बोलली. आजेसासू म्हनली, बोलू नको गं तिला, पूर्वी ह्याच पाल्यानं कपडं रंगवायचे लोक."

"डाग जाईल का?"

"नाय जायचा. जाईल त्याला रंग कशाला म्हनायचं?"

मला माझी जाड वही दिसत होती. बावीस वर्षे मी तिच्यात ही डहाळी दाबली. दरवर्षी पाने सुकून काळी पडत आणि कागदावर निळसर ठसा उठे. तो शाईचा डाग आहे असे मी ठरवले होते. शाई बदलूनही पाहिली होती. दोनदा.

"उषीला सांगू का?" काकूंनी विचारले.

"नको. मी सांगेन."

"कवा?"

त्यांनी पंचा पिळून दोरीवर टाकला, निळा भाग आतल्या बाजूला ठेवून.

चार वाजता ओसरीवर मंडळाची बाविसावी सभा झाली. उपस्थिती तीन, अधिक रशीदभाई निमंत्रित. उषाताई म्हणाल्या की शेळीच्या पुराव्याला सरांनी घेतलेल्या हरकती अगदीच चुकीच्या नाहीत, रविवार उद्यावर आला आहे आणि भांडण नको. ठराव झाला: पाटीवरचा 'पांढरा' हा शब्द रंगाने झाकावा आणि नुसते 'कुडा' ठेवावे.

"म्हणजे बरोबरी," साहेब मला म्हणाले. त्यांनी हात पुढे केला. मी तो हातात घेतला.

माझ्या विरोधकांनी येथे नीट वाचावे. त्या वेळी मी जिंकलेला होतो. शेळी बाद झाली होती, डहाळी नष्ट झाली होती, पंचा आतून घडी घालून पिशवीत गेला होता, आणि गंगूकाकू देवगावातच राहणार होत्या. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सबंध जगात माझ्या झाडाला काळा म्हणण्याचा आधार उरला नव्हता. परतीच्या वाटेवर साहेब गाडीत झोपले आणि त्यांचा फोन खिडकीबाहेर धावणाऱ्या प्रत्येक बाभळीला आपोआप ओळखत राहिला.

पाटी

घरी आलो आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून वही काढली. शेवटची डहाळी, निवृत्तीच्या वर्षीची, अजून आत होती. पाने कोळशासारखी काळी. तिच्या दोन्ही बाजूंच्या पानांवर निळे ठसे होते, त्यांच्याआधीच्या पानांवर तसेच, आणि त्यांच्याआधीच्या पानांवर तसेच. मी वही पहिल्या पानापर्यंत चाळली. मग अंगणात जाऊन नळ घट्ट पिळला. तो थांबला. चकती बदलायचीही गरज नव्हती. इतकी वर्षे तो नुसता नीट बंद केलेला नव्हता.

रविवारी सकाळी सातच्या आधी मी मोकळ्या जागेत गेलो. ठरावाप्रमाणे उषाताईंनी 'पांढरा' हा शब्द झाकला होता. मी त्या झाकलेल्या जागी ब्रशने 'काळा' असे लिहिले. कंसातले 'कुटज' पुसले. हात आता पूर्वीसारखा स्थिर नाही, त्यामुळे 'ळ' थोडा कलला आहे. तेवढे सोडून अक्षर शुद्ध आहे. देशपांडे साहेब फिरायला आले होते. ते पाटीपुढे थांबले.

"सर, ठराव 'कुडा' असा झाला होता."

"ठराव चुकीचा होता."

"मग परवा शेळीचं पटलं म्हणायचं तुम्हाला."

"नाही."

"मग कोणाचं?"

मी ब्रश धुवायला निघून गेलो. तेथे उत्तर दिले असते तर हा मजकूर लिहावा लागला नसता, हे मला मान्य आहे. परंतु सकाळी सात वाजता, हातात रंगाचा डबा धरून, मला ते सांगता आले नसते. साहेबांनी रिकाम्या जागी शेळी भरली.

अकरा रोपे लागली. त्यांतील दहा जगली आहेत. अकरावे हिरवळ कापणाऱ्या माळ्याने तण समजून उपटले. मी त्याला बोलणार होतो, बोललो नाही.

आता हे पान मी फलकावर साहेबांच्या वृत्तान्ताशेजारी लावतो आहे, आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही पाठवायला माझ्या नातीला सांगितले आहे. त्या बावीस तुकड्यांपैकी जो कोणी वाचील त्याने आपल्या स्मरणात दुरुस्ती करून घ्यावी: जूनमध्ये मी वर्गात फिरवीत असे ती डहाळी काळ्या कुड्याची होती. ज्यांनी पुस्तकातले वर्णन लिहून पाच गुण मिळवले त्यांचे गुण कापले जाणार नाहीत, कारण चूक शिकवणाऱ्याची होती. ज्यांना माझ्या हातची साल पोटासाठी मिळाली, त्यांनी ताकाचे आभार मानावेत.

आणि कन्नडकडची मंगल, वसतिगृहातली, सहामाहीचा पेपर दुमडून जागेवर गेलेली: तिला कोणी ओळखत असेल तर तिला सांगावे की प्रश्नाला पाच गुण होते आणि तिचे उत्तर तीन ओळींचे असून तिन्ही ओळी बरोबर होत्या. पाचपैकी पाच. तांबड्या शाईने लिहून ठेवले आहे. वही माझ्या घरी आहे, येऊन पाहावी.

शेळीची साक्ष मी आजही ग्राह्य मानीत नाही. मंगलची मानतो.